खुणेपर्यंतच

थंडी सुरू झाली आणि गाडीचा हीटर गार वारा फेकू लागला. मी मफलर गुंडाळून चालवत राहिलो. पण एकदा लेक शेजारी बसली आणि बोटं चोळत म्हणाली, "बाबा, ही गाडी आहे की फ्रिज? विकून टाका. गिऱ्हाईक मी बघते."

मला गाडी विकायची नव्हती. शेजारच्या सीटवर माझी बायको अठरा वर्षं बसली. सीट अजून तिच्याच मापावर आहे, पुढे ओढलेली. हे लेकीला सांगता येईना. म्हटलं, "मिस्त्रीला दाखवू. तो नाही म्हणाला तर विकू."

"शब्द?"

"शब्द."

सकाळी गॅरेजवर तिघं बॉनेटभोवती उभे राहिलो. मिस्त्रीनं इंजिन चालू करून दहा मिनिटं जाऊ दिली. मग हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या हातानं चाचपल्या.

"दोन्ही गार. गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही." इंजिन बंद करून त्यानं चहा मागवला. "निवू द्या. गरम असताना झाकण उघडलं तर तोंड भाजेल."

चहा झाल्यावर त्यानं कूलंटच्या टाकीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला.

"काका, आत खडखडाट आहे. शेवटचं कधी भरलं?"

"मी? मी कशाला भरू?"

"मग इतकी वर्षं कोण भरायचं? या नळीची क्लिप झिरपते. महिन्याला थोडं कमी होणारच. काकूंना मी बदलून देतो म्हणालो होतो, तर म्हणाल्या, राहू दे, मी बघते. हिरव्या पाण्याचा, कूलंटचा कॅन माझ्याकडूनच न्यायच्या."

मी हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"हिरवा? पाच लिटरचा?"

"तोच."

"त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे. 'दर पहिल्या रविवारी. खुणेपर्यंतच.'"

"बरोबर. टाकीवर खूण आहे, ही बघा."

लेक माझ्याकडे बघायला लागली. "बाबा, तो कॅन कुठाय?"

"डिकीत होता. खुरप्याशेजारी. मला वाटलं, झाडांचं औषध."

"आणि?"

"आणि काय! दर पहिल्या रविवारी घालतोय. कुंड्यांना खूण नव्हती, म्हणून खडूनं केली."

मिस्त्रीनं फडक्यात तोंड लपवलं. लेक म्हणाली, "म्हणून आईचे गुलाब मेले! मला म्हणालात, तिच्यामागे झाडांनीही जीव सोडला. मी दोन दिवस रडले हो!"

"मीही रडलो," मी म्हणालो.

मग ती हसायला लागली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. बॉनेटला टेकून, पोट धरून. शेवटी मलाही हसू आवरेना.

मिस्त्रीनं क्लिप बदलली, टाकी खुणेपर्यंत भरली, इंजिन चालू ठेवून नळ्यांतली हवा काढली. "अजून थोडं चालवलं असतंत तर इंजिनच बसलं असतं. हीटरनं आधी सांगितलं म्हणून वाचलात."

आम्ही निघालो. लेक शेजारी बसली, गुडघे आखडून. सीट मागे घेण्यासाठी तिनं खालच्या दांड्याला हात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. हीटर असा तापला की दोघांना घाम फुटला. बंद कुणीच केला नाही.

घर आलं तेव्हा ती म्हणाली, "गाडी ठेवा बाबा."

"खरंच?"

"हो. पण उरलेल्या कुंड्या मी घेऊन जाते."