बजरंगानं चणे काहून फेकले

"लहानू, उद्यापासून गोदामात पाय ठेवाचा नाही! देवानं तुह्या तोंडावर चणे फेकले, आता आणखी कोणता पुरावा पाह्यजे तुले?"

रुपराव मुकादम असा ओरडला, अन् वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट गोदामासमोरची सारी गर्दी "जय बजरंग!" म्हणून गरजली. हमाल, ड्रायवर, क्लीनर, भाड्याच्या खोल्यांतल्या बाया, लेकरं, सारे. लहानू म्हणजे माहा मोठा भाऊ. मान खाली घालून मधात उभा, मिशीत चण्याचं फोलपट अडकलेलं.

खरं सांगू? पहिले मले मजाच वाटली. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ एकच आरती चालते. लहानू कमावते, लहानू शहाणा, अन् मी शाळा सोडलेला रिकामटेकडा. माय त्याले तव्यावरची पोळी देते, वरून तूप. मले सकाळची भाकर. भाकर तशी वाईट नसते. पण त्याच्या ताटातलं तूप दिसलं का ते घशाखाली उतरत नाही. परवा तर मी ताटच भिरकावलं.

झालं होतं असं. गोदामातून साखरेची पोती गायब झाली. पोलिसात जाचं सोडून रुपराव भैय्याजी महाराजाले घेऊन आला. महाराजापाशी लाल तोंडाचं माकड, कपाळाले शेंदूर, नाव बजरंग. एकेका हमालानं भिजवलेले चणे हातावर धराचे. माकडानं खाल्ले तर माणूस साफ, फेकले तर तोच चोर.

महाराज डमरू वाजवून वाजवून बोंबले, "खाएगा तो खरा, फेंकेगा तो मरा! अंतर्यामी है बजरंगी, पेट का पाप सूँघता है!"

साऱ्यांचे चणे माकडानं मुकाट खाल्ले. मुकादमानंही धरले, त्याचा तर हात चाटला. लहानूची पाळी आली तसा महाराज म्हणे, "ठहरो, शक्ति उतर रही है." माकडाच्या तोंडावर पंजा ठेवला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. पंजा काढला, लहानूनं चणे धरले, अन् माकडानं ते फाडकन त्याच्या तोंडावर मारले. किंचाळलं, जमिनीवर हात आपटले.

सारे लहानूकडं पाहून राहिले होते. मी माकडाकडं पाहून राहिलो होतो. ज्याच्यावर राग, त्याच्याकडंच पाहीन ना कोणी? हे बेटं लहानूकडं ढुंकून पाहे ना! महाराजाची कफनी ओढे, त्याचा पंजा उघडून उघडून हुंगे. अन् हनुवटीले संत्र्याची बी चिकटली होती.

तो राग मी लगेच ओळखला. माहाच राग होता तो.

बाजूले लहानूची बायको, प्रेमिला वहिनी, पदर तोंडाले लावून उभी होती. म्हणे, "भाऊजी, चोर म्हणून नाव पडलं यांचं. आता वाडीत कोण काम देईन?"

नरखेडहून आलेला संत्र्याचा ट्रक उभाच होता. मी एक संत्र उचललं अन् मधात घुसलो.

"थांबा! देव खरा असन तर दोनदा विचारलं तरी एकच सांगीन ना?"

"कौन है ये छोकरा? भस्म हो जाएगा!" महाराज म्हणे.

"व्हईन. पहिले या माकडाले खाऊ द्या."

लहानूनं माही बाही ओढली. "चाल घरी. तमाशा नको करू."

"तू चूप राह्य. तुह्यासाठी नाही करून राहिलो," मी म्हणलं. मी माकडाले फोड दिली. मंग आणखी एक. डोळे मिटून खाल्ली त्यानं.

"हं, मुकादम, आता तुम्ही धरा चणे."

"मी काहून धरू गा? माहे तर खाल्ले त्यानं!"

"मंग भेव कायचं?"

ड्रायवर हसाले लागले. "धरा ना, मुकादम! तुम्ही तर साफ आहा!"

रुपरावानं हात पुढं केला. माकडानं चणे पाहिले, माह्या हातातलं संत्र पाहिलं, अन् सारे चणे मुकादमाच्या चष्म्यावर!

चहावाली पार्वतीबाई मोठ्यानं म्हणे, "अवं माय! म्हणजे मुकादमही चोर का वं?"

हसण्याचा नुसता गदारोळ. दोन हमालांनी महाराजाचा पंजा धरून उघडला. बोटं पिवळी, पंजात संत्र्याचा चोथा, अन् बाहीत आणखी फोडी.

"यात शक्ती-बिक्ती काही नाही," मी म्हणलं. "माकड भुकेलं असलं का त्याले चणेही गोड लागतात. पण संत्र चाखवून समोर चणे धरले का त्याले वाईट वाटते, मंग राग येते. ज्याले चोर ठरवाचं, त्याच्या पाळीच्या आधी चोरून फोड चारली का झालं."

उरलेलं संत्र मी लहानूच्या हातात कोंबलं. "दे त्याले." लहानूनं दिलं, अन् माकड टुणकन त्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. डोकं माहं, मेहनत माही, अन् खांदा लहानूचा! लोकं म्हणे, "पाहा, लहानू किती गरीब स्वभावाचा माणूस!" माह्याकडं कोणी पाहेच ना. सारे हमाल मुकादमाले म्हणे, "लहानू कामावर नसन, तर आमीही माल उतरवत नाही." रुपराव चष्मा पुसत म्हणे, "येऊ दे त्याले उद्या."

तुम्ही वाचणारे, शिकलेले लोक. तुम्हाले एकच सांगतो. जनावराले लोभ आहे, आशा आहे, आशा मोडली का संताप आहे, तुमच्या-माह्यासारखाच. त्याले देव करून त्याच्या संतापावर माणसाची भाकर नका तोडू. चोर शोधाचा तर साधी गोष्ट विचारा. गोदामाचं कुलूप फुटलंच नव्हतं. मंग चावी कोणापाशी होती?

मी हे तठी साऱ्यांसमोर विचारलं. तेव्हापासून रुपराव, कमरेच्या चाव्या वाजवत, मले शोधून राहिला. आत्ता गल्लीत त्याचाच आवाज आला, मायले विचारून राहिला, "तुहा लहाना पोरगा कुठं आहे?" मले आता निघाच लागते.