एका ठोक्याची हौस

मी एक जुना सागाचा दांडा आहे. कल्याणच्या खाडीकाठी, भाताच्या गिरणीच्या मागच्या पडवीत मी पडून असतो. मित्रांनो, माझ्या अंगावर या खुंट्या दिसतात ना, त्यांनी एके काळी आठ मुसळे उचलली आहेत. मी फिरलो की खुंटी मुसळाला वर ढकली आणि खुंटी निसटली की मुसळ धाडकन उखळात पडे.

मला बस्त्याव सुतारांनी घडवले. मोठा मायाळू माणूस! रंधा मारता मारता माझ्याशी बोलत. गिरणीचे मालक परशुरामशेट यांनी मुंबईहून जुने वाफेचे इंजिन आणले होते. एकदा वेग धरला की ते बरे चाले, पण आरंभी, हळू फिरताना, त्याच्या अंगात जोर बेताचाच. म्हणून माझ्या खुंट्या कशा बसवायच्या हा मोठा प्रश्न होता.

शेटांना हौस एका ठोक्याची. "आठही मुसळं उंच जाऊन एकदम पडली पाहिजेत. आवाज खाडीपलीकडे गेला, की तिकडचे लोक भात इथंच आणतील."

भात पाखडणाऱ्या गोदूबाई हसल्या. "अवं शेट, आमी दोघी एका उखळात कांडतो, तवा मुसळं येकदम टाकतो का? एकीचं वर, एकीचं खाली. तवाच दम पुरतो."

"बाई खरं बोलते," बस्त्याव म्हणाले. "खुंट्या आखूड ठेवू, आन् मागं-पुढं बसवू. एका टायमाला एकच मुसळ उचलायचं. यंजिन हळू असलं तरी वढंल."

"हळू ओढायला मी काय बैल आणलाय?" शेट म्हणाले. झाले! मालकापुढे कोणाचे चालते? लांब खुंट्या एका रेषेत बसल्या.

दसऱ्याला पूजा झाली. पहिला ठोका असा पडला की खाडीवरचे बगळे उडाले. माझीही छाती फुगली, खोटे कशाला सांगू? पण ते कौतुक चार दिवसांचे. रोज सकाळी इंजिन आठ मुसळांच्या भाराने अडून बसे. मग माणसांनी माझ्या टोकाच्या मोठ्या चाकाला खांदा द्यायचा. बस्त्याव सर्वांच्या पुढे.

एका सकाळी मुसळे अर्ध्यावर चढली आणि तिथेच लटकली. भार मला मागे ओढू लागला. आता मी उलटा फिरणार, हे मला कळत होते. पण ओरडायला मला तोंड नव्हते. चाक गर्रकन मागे आले आणि बस्त्यावांचा उजवा हात त्याच्या आऱ्यांत सापडला.

हात वाचला नाही. शेट लहान मुलासारखे रडले. मग दुसरा सुतार आला, बस्त्याव बाजूला बसून सांगत गेले, आणि माझ्या खुंट्या आखूड होऊन मागे-पुढे बसल्या. तेव्हापासून मी पहिल्या वाफेला फिरू लागलो. आवाज खाडीपलीकडे जात नसे, तरी भात येतच राहिले. वैर्‍यावरही येऊ नये अशा प्रसंगातून आलेले ते सुख होते.

पुढे लोखंडी यंत्र आले आणि मी पडवीत आलो. आता मला वाळवी लागली आहे. बस्त्याव मात्र अजून येतात. डाव्या हाताने माझ्यावरची धूळ पुसतात. जुन्या खुंट्यांची भोके दुसऱ्याने बुजवली आहेत, त्यांवर बोट फिरवतात.

"कच्चं काम केलंय रे," ते हळूच म्हणतात. "मी असतो, तर नीट बुजवली असती."

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका हवे तर. पण कोणी कळकळीने सांगत असेल, तर त्याचे हात धड आहेत तोवर ऐका.