दारावरची चौकशी

"आडवी कर रे मेल्या ती खाट. उभी खंयसून जातली?" अंगणातल्या खुर्चीवरून बाबली ओरडला.

"काका, तोंडान खाट हलाची नाय," टेम्पोवाला सुशांत आतून म्हणाला. पण त्याने खाट आडवी केली आणि ती दारातून सुटली.

बाबली पराडकरने उभा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात घालवला होता. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. हात मांडीवर ठेवला की तिथेच राही, पाय भिंतीला धरून ओढावा लागे. बायको त्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. राधाबाईंच्या घरामागची ही खोली त्याने भाड्याने घेतली होती. तिला वेगळे दार होते आणि त्या दाराची किल्ली त्याच्या खिशात असे. आता राधाबाईंची सून नम्रता तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढणार होती. सुनेला थांबवता येईल तेवढे राधाबाईंनी थांबवले होते.

त्याने निराधार अनुदानासाठी अर्ज केला होता. अपंगत्वाचा दाखला मिळाला होता, तलाठ्याने घरी येऊन करायची चौकशी तेवढी उरली होती. ती चुकू नये म्हणून तो कित्येक महिने खोली सोडून कुठेही गेला नव्हता. अनुदान मंजूर झाले तर त्यातून भाडे भागेल अशी सुशांतच्या मावशीची बाजारातली खोली त्याच्यासाठी राखलेली होती. तोपर्यंत धामापूरला धाकट्या भावाकडे, गुरुदासकडे राहायचे. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो 'तात्पुरतां' असे सांगत होता. गुरुदास माणूस वाईट नव्हता. पण त्या घराला बाबलीचे असे दार नव्हते.

अर्धे सामान चढले होते, तेवढ्यात अंगणाबाहेर आवाठात स्कूटर येऊन थांबली.

"बाबली पराडकर आपणच ना? मी तलाठी. आजच हलताय? बरं झालं, सापडलात."

तलाठीबाई घाटावरच्या होत्या, वयाने लहान. त्यांनी रिकामी खोली पाहिली, बाबलीला उजवा हात उचलायला सांगितला, थोडे थांबून 'राहू दे' म्हणाल्या. मग शेजाऱ्यांचा जबाब हवा म्हणून राधाबाईंकडे वळल्या. राधाबाई चहा घेऊन येत होत्या.

"आजी, हे निराधार आहेत, असं तुम्ही सांगाल ना?"

"निराधार?" राधाबाई कपबशी धरून जागीच थांबल्या. "कोण निराधार? आमी मेलंव काय? रोज पेज जाता त्याका ह्या घरातसून. धामापुराक सख्खो भाव आसा, पोफळीची बाग आसा त्याची. टेम्पो लावन व्हरतत त्याका, बघतास मां? बाबलीक काय्येक कमी नाय."

कोणाच्या अंगणात उभे राहून त्याला निराधार म्हणणे म्हणजे साऱ्या वाडीला नाव ठेवणे. राधाबाईंना ते सोसणे शक्य नव्हते. उघड्या पडलेल्या माणसावर पटकन पांघरूण टाकावे, तशा त्या बोलत होत्या.

"आजी, मी असं लिहिलं तर यांचा अर्ज..." तलाठीबाई अडखळल्या. पेन बाजूला धरून त्यांनी बाबलीकडे पाहिले. "काका, तुम्हीच सांगा. भाऊ सांभाळतो तुम्हाला?"

या प्रश्नाचे उत्तर बाबलीने मनात कितीदा तरी जुळवले होते. गुरुदासचे त्याला स्वतःलाच पुरत नव्हते. टेम्पो सुशांतने आपखुशीने आणला होता. राधाबाईंकडची पेज, त्यांना आठवण झाली की येई. सगळे खरे होते आणि अवघ्या दोन वाक्यांत सांगता आले असते. पण राधाबाई समोर उभ्या होत्या. दगडी गडग्यापलीकडे दोन बायकाही येऊन थांबल्या होत्या.

"राधाबाय सांगता तां खरां आसा," तो म्हणाला.

"नक्की?"

"होय."

 तलाठीबाईंनी लिहिले आणि त्याच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. राधाबाईंनी आग्रह करून त्यांना चहा पाजला. स्कूटर वळणाआड गेल्यावर त्या बाबलीजवळ आल्या.

"सरकारी माणसा ही अशीच. तोंडाक येयत तां इचारतत. तू मनाक लावन घेव नको हां."

"नाय गो."

सुशांतने दोर आवळला आणि बाबलीला काखेत धरून पुढच्या सीटवर चढवले. गाडी चालू करण्याआधी त्याने हलक्या आवाजात विचारले, "काका, मावशेक काय सांगू खोलयेचा?"

"दुसऱ्याक दी म्हणान सांग."

धामापूरला भावजय सावित्रीने पडवीचा एक कोपरा झाडून ठेवला होता. "भावोजी, हयसर वारो बरो येता," ती म्हणाली. तिने त्याला ऊन ऊन पेज वाढली, पायाशी चादर घडी करून ठेवली आणि ती विहिरीवर गेली. गुरुदास बागेत शिंपणे करत होता. इथे समुद्राचा आवाज नव्हता.

तिन्हीसांजेला घरापुढच्या खळ्याच्या तोंडाशी कोणीतरी येऊन थांबले.

"घरात कोण आसा काय?"

खाट उंबऱ्याला लागून होती, सर्वांत जवळ तोच होता. त्याने ओ देण्यासाठी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मान वळवून तो आतल्या काळोखाकडे पाहत राहिला.

"कोण आसा काय घरात?"

घरातले कोणीतरी येईल म्हणून बाबली वाट पाहत होता.