चार मजले आणि अर्धा तास

छातीत कळ आली तेव्हा पेंटरकाका शिडीवर होते आणि चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड निम्मा रंगवून झाला होता. खाली उतरून त्यांनी आधी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आणि मग फुटपाथवर बसले. जिवावर बेतलं तरी ब्रश वाळता कामा नये, असा हा माणूस.

त्याला तीन महिने झाले. हृदयाची तुंबलेली नळी मोकळी झाली, गोळ्या सुरू झाल्या, रोजचं फिरणं सुरू झालं. बोर्ड मात्र तसाच निम्मा. चष्मेवाला भला, तो काम दुसऱ्याला देत नव्हता; पण येणारा-जाणारा वर बघून हसतो, असं काकांनी मनाशी धरलं होतं. पुन्हा शिडीवर चढायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

डॉक्टर म्हणाले, "एक तपासणी करू. रक्त गोठवणारी काही प्रथिनं असतात. अटॅकनंतरही ती चढीच राहिली, तर पुन्हा गुठळी होण्याची भीती जास्त. हे भविष्य नव्हे, नुसता अंदाज. आकडे बरे आले की शिडीचं बोलू."

लॅब चौथ्या मजल्यावर. काकू खाली औषधाच्या दुकानात गोळ्या घेत होत्या. काकांनी लिफ्टकडे तुच्छतेनं पाहिलं आणि जिना धरला, तोही दोन-दोन पायऱ्या घेत. वर रक्त घेणाऱ्या बाई मोकळ्याच होत्या.

"अर्धा तास स्वस्थ बसून झालंय ना?" त्यांनी विचारलं.

काकांनी धाप गिळली आणि मान डोलावली. काकू लिफ्टनं वर पोचल्या तेव्हा स्वारी हातावर कापूस दाबून साळसूदपणे बसलेली.

आकडे चढे आले.

"फिरणं चांगलं, हृदयाचा आलेख चांगला, मग हे कुठून आलं?" डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले. "शिडी सध्या नको. औषध वाढवायचाही विचार करावा लागेल."

शिडी गेली हे काकांनी एक वेळ पचवलं असतं. पण शेजारी काकूंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या पिशवीचे बंद उगाचच बांधत-सोडत होत्या. ते मात्र त्यांना बघवेना.

"डॉक्टर, मी जिन्यानं आलो होतो," काका म्हणाले. "म्हणजे, जवळजवळ पळतच. आणि बसलो वगैरे काही नव्हतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पोटभर हसले. "अहो, धावपळीनं यातली काही प्रथिनं थोडा वेळ उसळतात. म्हणून तर बसायला सांगतात. तब्येत दाखवायला गेलात आणि रिपोर्ट बिघडवून आलात. परवा पुन्हा रक्त द्या."

काकू हसल्या नाहीत. "घरी चला," एवढंच म्हणाल्या. घरी काय झालं ते विचारू नये.

ठरल्या दिवशी काकू लॅबच्या बाकावर त्यांचा हात घट्ट धरून बसल्या. समोरची सूचनेची पाटी तिरकी लागली होती. ती सरळ करायला काका दोनदा उठायला गेले, दोनदा खाली ओढले गेले.

"बोर्ड अर्धा राहिला तर लोकांना काय सांगायचं ते मी सांगीन," काकू हळूच म्हणाल्या. "पण तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

काका पाटीकडे बघायचं सोडून काकूंकडे बघत राहिले. अर्धा तास कधी झाला ते बाईंनी हाक मारल्यावर कळलं.

या वेळचे आकडे धोक्याच्या रेषेच्या खाली आले, थोडेच, पण खाली. डॉक्टरांनी परवानगी दिली: सावकाश चढायचं, आणि खाली शिडी धरायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी कोण, हे कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्यानं शिडी भिंतीला लावली, रंगाचा डबा उघडला. काकूंनी पदर खोचला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. काकांनी ब्रश घेतला, वर पाहिलं, आणि ब्रश पुन्हा खाली ठेवला.

"दोन खुर्च्या द्या," ते चष्मेवाल्याला म्हणाले.

"का, काका? काही होतंय का?"

"काही नाही. आधी अर्धा तास बसतो."

शिडीसाठी असं काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. काकूंनी शिडी सोडली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. निम्म्या बोर्डाखाली ती दोघं पुरा अर्धा तास बसली, आणि काकांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.