कमरेला बांधलेली भीती

मंडळी, घरात बायको एखाद्या गोष्टीला ‘नको’ म्हणाली की आपण काय करतो? हसतो! “तुला त्यातलं काय कळतंय?” असं म्हणून विषय संपवतो. कारेगावचे सुदर्शनराव तरी दुसरं काय करत होते? पण एका दुपारी त्या हसण्याची किंमत किती भयंकर असते, ते त्यांना कळलं. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगतो आहे.

सुदर्शनराव कंत्राटदार होते. जवळच्या कारखान्यांना कामगार पुरवायचं त्यांचं काम. दोन हजार तीन सालची गोष्ट. एका कारखान्याचं काम दुसऱ्या कंत्राटदाराच्या हातून सुटून यांना मिळालं आणि त्याने फोनवरून दम भरला, “एक दिवस दारातनं उचलून नेतो तुला!” झालं! आमच्या गड्याने अर्ज केला, परवाना मिळवला आणि रिव्हॉल्व्हर आणलं. सगळं कायदेशीर! त्यामुळे तर ते जास्तच ताठ चालू लागले.

बाहेर बाळगलं असतं तर एक वेळ ठीक. पण ते घरातही कमरेलाच! वरून सदरा सोडलेला, म्हणजे कुणाला दिसणार नाही. जेवायला बसले तरी कमरेला, झोपले तरी उशाखाली. त्यांची बायको सुवर्णा अंथरूण घालताना नवऱ्याच्या उशीला हात लावेनाशी झाली होती. तिचा भाऊ भाऊबीजेला आला, मेहुण्याच्या सदऱ्याखालचा फुगवटा त्याच्या नजरेस पडला आणि बिचारा मुक्काम न करताच परत गेला.

“अवो, घरात तरी ते काढून ठेवा,” सुवर्णा म्हणायची. “माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई.”

“तुझ्याच जिवासाठी बाळगतोय की!” सुदर्शनराव हसून म्हणायचे.

“मला नको हाय ते! मी सांगतेय न्हवं?”

पण ऐकतो कोण! शेवटी सुवर्णाने निर्वाणीचं सांगितलं, “घरात एक तर ते राहील, न्हाई तर मी. मी वरवंडला माहेरी जाते.” आणि जायच्या आधी एक शेवटचा उपाय म्हणून तिने दौंडहून अलीममामांना बोलावून घेतलं. अलीममामा तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. राखीव पोलीस दलातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. सारी उमर त्यांनी बंदुकीबरोबर काढली होती. निदान त्यांचं तरी नवरा ऐकेल, एवढीच तिची आशा होती.

मामा आले. मटणाचं जेवण झालं. सुवर्णा भांडी घेऊन आत गेली तसा मामांनी विषय काढला.

“जावईबापू, कमरेला काय हाय ते मला ठावं हाय. आमच्या दलात रिवाज होता. ड्यूटी संपली की हत्यार कोतात, म्हंजी शस्त्रांच्या खोलीत, जमा करायचं. मगच घरी जायचं. ज्याचं पोटच बंदुकीवर, तोबी ती घरी नेत न्हाई. का?”

“सरकारी माल तो, मामा. हरवला तर नोकरी जाईल म्हणून!” सुदर्शनराव हसले.

“न्हाई. घरात माणूस सैल असतो. चिडतो, दचकतो, झोपेतनं उठतो. आन् गोळी एकदा सुटली की तिला थांबवता येत न्हाई.”

“मामा, तुम्हाला कुणी उचलून न्यायची धमकी दिली न्हवती. मला दिलीय!”

“मग फिर्याद द्या! दिली का?”

फिर्याद सुदर्शनरावांनी दिलीच नव्हती! शस्त्र घ्यायला जेवढी धावपळ केली, तिच्या पाव हिश्शाएवढीही पोलीस ठाण्यात जायला केली नव्हती. मामा पुढे काही बोलणार, इतक्यात बाहेर कर्कश शिट्टी वाजली.

“खबरदार! घराला वेढा पडलाय! मालक, बाहेर या! उचलून न्यायला आलोय!”

सुदर्शनराव ताडकन उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उघड्या दारातून त्यांना खाकी कपडे दिसले, डोक्यावरची टोपी दिसली आणि त्या माणसाने रोखलेलं पिस्तूल दिसलं! बस्स! सदरा वर गेला आणि रिव्हॉल्व्हर हातात आलं.

अहो, दोन क्षण थांबून पुढचं ऐकलं असतं तर ते पोट धरून हसले असते! कारण बाहेरचा माणूस पुढे म्हणत होता, “वॉरंट हाय मालकाच्या नावाचं! बायकोला पैठणी घेतली न्हाई, कलम चारशे वीस!” तो म्हस्कू बहुरूपी होता. सुगी संपली की दर साल पोलिसाचं सोंग घेऊन यायचा, सगळ्या गावाला अटक करायचा आणि सूपभर जोंधळे घेऊन जायचा. लहानपणी सुदर्शनरावच त्याच्या मागे गावभर हिंडले होते. पण कमरेला शस्त्र बांधलेल्या माणसाला ओळखीचा आवाजही ओळखू येत नाही. त्याला सगळीकडे वैरीच दिसतो.

सुवर्णाने मात्र आवाज ओळखला होता. ती मागच्या दाराने जोंधळ्यांचं सूप घेऊन हसतच ओसरीवर आली. आणि तिला दारात दिसला तिचा नवरा, रिव्हॉल्व्हर रोखलेला!

“अवो! म्हस्कू हाय तो! बहुरूपी हाय!”

तिने सूप टाकलं आणि ती दोन्ही हात पसरून म्हस्कूच्या पुढे उभी राहिली. मामा मागून झेपावले. त्यांनी सुदर्शनरावांचा हात खालून वर ढकलला, आणि त्याच क्षणी गोळी सुटली!

ओसरीचा पत्रा थाडकन वाजला. सुवर्णा मटकन खाली बसली.

“सुवर्णा!” सुदर्शनराव ओरडले. रिव्हॉल्व्हर हातातून गळून पडलं. त्यांना वाटलं, संपलं सगळं! आपल्याच हाताने! ते गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेले. तिचे खांदे, हात, पाठ चाचपू लागले.

“मला काय झालं न्हाई,” ती म्हणाली. “त्याला बघा आधी. पडलाय तो.”

म्हस्कू पायरीवरून खाली कोसळला होता. कपाळाला खोक पडली होती. हात जोडून तो एवढंच म्हणत होता, “मालक, माझं लाकडाचं हाय. माझं लाकडाचं हाय!”

हे ऐकलं आणि सुदर्शनराव लहान मुलासारखे रडू लागले.

मामांनी रिव्हॉल्व्हर उचललं, गोळ्या काढून घेतल्या आणि संतापून म्हणाले, “बघितलंत? तुम्हाला धमकी देणारा कुठं हाय? तो आला का? समोर उभी राहिली ती तुमची बायको! गरिबासाठी छातीचा कोट केला तिनं. आन् तिलाच तुम्ही म्हणत होता, हिला काय कळतंय!”

सुदर्शनराव उठले. त्यांनी स्वतः म्हस्कूची जखम धुतली, त्याचे पाय धरले. मग मामांना म्हणाले, “चला, शिरूरला. जे झालं ते सगळं ठाण्यात सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे.”

“मीबी येते,” सुवर्णा म्हणाली.

म्हस्कूला दवाखान्यात दाखवून सगळे ठाण्यात गेले. सुदर्शनरावांनी काहीही लपवलं नाही. धमकीची फिर्यादही त्याच दिवशी दिली. साहेबांनी रिव्हॉल्व्हर जप्त केलं आणि विचारलं, “गुन्हा तर नोंदवावाच लागेल. पण परवान्याचं काय? चौकशी संपल्यावर परत मागणार का?”

सुदर्शनरावांनी तोंड उघडलं, पण मग थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “साहेब, ह्यांना विचारा. घर ह्यांचंबी हाय.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा मान सुवर्णाला पहिल्यांदाच मिळत होता. तिचे डोळे भरून आले. पदर सावरून ती स्पष्ट म्हणाली, “परत नको, साहेब. परवाना रद्द करा म्हणून अर्ज लिहून घ्या.”

आणि सुदर्शनरावांनी त्या अर्जावर सही केली! पुढे त्यांना कोर्टाचे खेटे पडले, दंड झाला. पण त्यांनी कुरकुर केली नाही. ज्याने धमकी दिली होती त्याला पोलिसांनी बोलावून समज दिली. तो त्यांच्या दाराकडे कधी फिरकलाही नाही.

बंधू-भगिनींनो, विचार करा! आपण शस्त्र आणतो वैऱ्यासाठी आणि ते वावरतं आपल्या माणसांमध्ये. घरातलं एकही माणूस ज्या वस्तूच्या भीतीने झोपू शकत नाही, ती वस्तू रक्षणाची कशी? भीती वाटली तर कायद्याकडे जा, चार माणसांना सांगा. आणि सगळ्यांत आधी घरच्या माणसाचं ऐका. सुदर्शनरावांना ऐकायला गोळी सुटावी लागली. आपल्यावर ती वेळ येऊ देऊ नका!