आईच्या सायकलचा मागचा मडगार्ड

आई शुक्रवारी रिटायर होणार होती. छापखान्यात, बाइंडिंगला, एकतीस वर्षं. पहिल्या दिवशी ज्या सायकलवर गेली त्याच सायकलवर शेवटच्या दिवशी जायचं, एवढंच तिचं म्हणणं. सायकल ठणठणीत. फक्त मागचा प्लास्टिकचा मडगार्ड चिरलेला. चालवली की सुटलेला तुकडा टायरला घासतो आणि अख्ख्या गल्लीला कळतं, बाई निघाल्या.

चीर मुळात बोटाएवढी होती. ती वाढवली दाजींनी. दाजी म्हणजे ताईचा नवरा. जुन्या सायकलींच्या कुठल्याशा ग्रुपवर आहेत, तिथे फोटो टाकतात, खाली 'क्लासिक' लिहितात. स्वतः फिरतात गाडीतून, काचा वर करून. त्यांचा इलाज एकच, झटपट चिकटणारा गोंद. वरून थेंब सोडायचा, फुंकर मारायची, चहा मागायचा. चार महिन्यांत चारदा. दर वेळी चीर गोंदाच्या पुढे दोन बोटं. एकदा त्यांचा अंगठाच मडगार्डला चिकटला. अर्धा तास सायकलशेजारी उकिडवे बसून होते आणि तरी म्हणत होते, "बघ, पकड कसली आहे."

बुधवारी मी मडगार्ड काढून ओट्यावर घेतला. दाजी आलेच.

"काय शास्त्रज्ञ, व्हिडिओ बघितलास वाटतं?"

"चार बघितले. तुम्ही एक तरी बघायचा होता."

मी ड्रिलनं चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं.

"सासूबाई, या बघायला. आधीच फाटलंय, त्याला हा भोकं पाडतोय."

"टोक गोल झालं की चीर तिथेच थांबते, दाजी. टोकदार राहिली की पुढे पळते."

"आम्हाला नको शिकवू."

नकोच. कुणाला वेळ जास्त झालाय.

मग सोल्डरिंगची गन तापवली. आतून प्लास्टिक वितळवून त्यात तांब्याची जाळी बसवायची, वरून प्लास्टिकचा भर. भराला मी फुटक्या बादलीचा तुकडा घेतला. रंग अगदी जुळत होता. काम इतकं देखणं झालं की मी फोटोच काढत बसलो. आई आली, तिनं अंगठ्यानं जरा दाबलं. अख्खा भर खपलीसारखा निघून तिच्या हातात.

दाजी हसले. बराच वेळ. मधे थांबून पाणी प्यायले, परत हसले.

बादलीचं प्लास्टिक वेगळं, मडगार्डचं वेगळं. एकमेकांत मिसळतच नाहीत. चारही व्हिडिओंत हे पहिल्याच मिनिटात सांगतात, आणि मी पहिलं मिनिट नेहमी गाळून पुढे जातो, तिथे माणूस नुसता नमस्कार करत असतो म्हणून. दाजींना इतकी नावं ठेवली, पण माझी अक्कलही त्यांच्याच दुकानातली.

त्याच जातीचं प्लास्टिक घरात एकाच ठिकाणी होतं. पुढच्या मडगार्डच्या शेपटाला.

"आता चांगलाही कापणार?" दाजींना खरंच वाईट वाटलं असावं. "अरे, ओरिजिनल आहे तो. किंमत जाते."

"काप," आई म्हणाली.

"आई, आखूड दिसेल."

"दिसू दे. मला तिच्यावर बसायचंय, कपाटात नाही ठेवायची. आणि जावईबापू, तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तीन बोटं शेपूट कापलं, त्याच्या पट्ट्या केल्या, एकेक वितळवत चिरेत दाबत गेलो. वासानं ताई घरातून खोकत बाहेर पडली. एका जागी गन जास्त टेकली आणि रुपयाएवढा डाग करपला. घासला, गेला नाही. पण या वेळी आईनं दोन्ही अंगठे लावून दाबलं. हललं नाही.

शुक्रवारी सकाळी आई निघाली. मी मागे पळत. हो, पळत, गल्लीच्या तोंडाला मोठा गतिरोधक आहे, तिथे कळणार होतं. आईनं वेग कमी केला नाही. चाक आपटलं. मी कान देऊन उभा. काही नाही. फक्त चेनचा आवाज.

छापखान्याच्या गेटवर बाइंडिंगच्या बायका जमल्या होत्या. दाजी गाडीतून आधीच पोचलेले. मी धापा टाकत गाठलं तेव्हा ते मडगार्डवर हात ठेवून सांगत होते, "प्लास्टिक वेल्डिंग म्हणतात याला. घरच्या घरी केलं आम्ही."

आम्ही.

"जावईबापूंनी गोंद आणला होता," आई म्हणाली. "हे माझ्या मुलानं केलंय. तो करपलेला डाग आहे ना, तोही त्याचाच."

सगळ्या जणी वाकून डाग बघायला लागल्या. जोडाचं कुणी विचारलं नाही. दाजींनी तेवढ्यात डागाचा फोटो काढला.

आईनं सायकल आत नेली, रोजच्या जागी लावली, कुलूप घातलं आणि कामाला गेली. शेवटचा दिवस असला तरी सुट्टी साडेपाचलाच होती.