काळ्या पानांची वाटी

मी चांदीची वाटी बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जरा तोऱ्याचा आहे. माझं माहेर मेक्सिकोतलं टास्को. डोंगराच्या उतारावर स्पॅनिश लोकांच्या काळातली पांढरी घरं, लाल कौलं आणि जिकडे जाल तिकडे चांदीची दुकानं. तिथल्या एका कारागिराने मला ठोकून आकार दिला, अंगावर पानांची वेल कोरली आणि कसल्याशा उग्र वासाच्या पाण्यात बुडवून काळीकुट्ट केलं. मग वरवर पुसलं. अंग उजळलं, कोरलेली पानं तेवढी काळी राहिली. तेच माझं रूप.

अमेरिकेतल्या फ्रिस्कोहून रीमा आणि तिची आई देवयानीकाकू तिथे फिरायला आल्या. दगडी चढ चढून काकूंचा जीव मेटाकुटीला आलेला. "कुठे आणलंस गं मला?" म्हणत त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या. आत रीमा एकेक वाटी उचलून बघत होती. तिची भाची आन्या, म्हणजे नकुलदादाची लेक, हिचं उष्टावण जवळ आलं होतं. घरातल्या कार्यात रीमाला कधी कोणी काही विचारत नसे. अमेरिकेत वाढलेली, तिला यातलं काय कळतंय, असा सगळ्यांचा समज. म्हणून बाळाची पहिली खीर तरी आत्याने निवडलेल्या वाटीतून, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तासभर शोधून तिने मला उचललं. मला तर बाई भारीच आनंद झाला.

फ्रिस्कोला आल्यावर रीमा ऑफिसला गेली आणि काकूंनी मला पिशवीतून काढलं. "अगंबाई, केवढी काळी पडलीय," म्हणाल्या, आणि चिंच, टूथपावडर, जुना ब्रश घेऊन बसल्या. इतक्या मायेने आणि इतक्या जोरात मला कोणी घासलं नव्हतं. माझी पानं दिसेनाशी झाली. काकू मात्र खूश.

संध्याकाळी रीमाने मला हातात घेतलं आणि पानांच्या जागेवरून बोट फिरवलं.

"आई, तो काळा कलर म्हणजे डिझाइन होतं."

"मला वाटलं, डाग आहेत."

"इट्स ओके. स्टीलची वाटी यूज करू," म्हणून ती वर निघून गेली. भांडली असती तर काकूंना परवडलं असतं.

मग काकूंनी फोनवर व्हिडिओ शोधले. चांदी पुन्हा काळी करायचा घरगुती उपाय सापडला, आणि त्या कपाळाला हात लावून बसल्या. उपाय होता उकडलेलं अंडं, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलंच नव्हतं. रीमाला ऑम्लेट खायचं तर बाहेर.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळीच काकू दुकानातून अंडी घेऊन आल्या. नाकाला ओढणी, हातात चिमटा. उकडलं, सोललं, कापलं आणि माझ्यासकट झिपलॉकच्या पिशवीत बंद केलं. काय तो वास! पण मी काळी झाले. काकूंनी मऊ फडक्याने हलकेच वरवर पुसलं. पानं परत आली. एका बाजूला जरा जास्तच काळी झालीत, पण चालायचंच.

वासाने रीमा खाली आली. "आई, तू एग्ज बॉइल केलीस? तू?"

"तुझ्या वाटीसाठी. बघ, जमलंय का."

रीमाने मला उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकले.

उष्टावणाच्या दिवशी आन्याने माझ्यातली अर्धी खीर खाल्ली, अर्धी आत्याच्या ड्रेसवर सांडली. आता मी काचेच्या कपाटात असते, सणावारी बाहेर येते. मजेत आहे. तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर घासायच्या आधी आणणाऱ्याला विचारा, एवढं करा माझ्यासाठी.

अंड्याचं ते पातेलं काकूंनी टाकलं नाही. रविवारी सकाळी रीमा ते अंडी उकडायला गॅसवर ठेवते. काकू चिमणी फुल करतात, नाक मुरडतात आणि चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसतात.